एका अंशाला पावणेनऊ बार

तारीख वीस एप्रिल, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम एकोणीस हजार चारशे रुपये. जागा आमच्या वाडीतल्या देवळाचा सभामंडप. पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला लागलं की पुढे डाव्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ही वाडी. हजर माणसं: गावकीचे मुख्य, माझा थोरला चुलतभाऊ, त्याचा जावई, वरंधकडचा फिटर, मी, आणि सतरंजीवर बसलेले आणखी तेवीस जण. बायका बाहेर कट्ट्यावर. त्यांच्यात भावाच्या घराशेजारी राहणारी आमची धाकटी काकी होती, डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मी महाडला राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बॉयलर, पाणी आणि दाबाची हवा बघणाऱ्या विभागात सत्तावीस वर्षं काढली. त्याआधी महाडच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आकडे नीट लिहिण्याची सवय मला नोकरीने लावली असं घरचे म्हणतात. खरं तर ती कॉलेजातल्या एका सरांनी लावली. ते पुढे येईल.

एकोणीस हजार चारशे ही फुटलेल्या टाकीची किंमत. माझा चुलतभाऊ नालासोपाऱ्याला असतो. वाडीत त्याने स्लॅबचं घर बांधलं आणि वर दोनशे लिटरची सोलर बसवून घेतली. वापर वर्षातून जेमतेम वीस दिवस, गणपतीत आणि शिमग्याला. बसवली वरंधकडच्या फिटरने. पन्नाशीचा माणूस, कामाला चोख. पाइपाच्या प्रत्येक जोडावर खडूने तारीख घालतो. या खोऱ्यात त्याने अकरा सोलर बसवल्यात, त्यातल्या चार आमच्या वाडीत.

अशा टाकीला दोन वाटा असतात. एक खालून, गार पाणी आत येण्याची. दुसरी वरून, एक उघडी नळी हातभर उंच गेलेली. तिला व्हेंट म्हणतात. पाणी तापलं की फुगतं, आणि जास्तीचं पाणी यातल्या कुठल्याही एका वाटेने सरकतं. दोन्ही वाटा बंद करू नयेत, एवढंच पथ्य.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी भावाच्या स्लॅबवर गेलो, तर जावई तिथे पाइपपाना घेऊन उभा. दातात पांढऱ्या टेपचं टोक. व्हेंटच्या तोंडावर लोखंडी कॅप बसवत होता.

"हे काय करताय?" मी विचारलं. जावयाला आमच्यात एकेरी हाक मारत नाहीत.

"काका, बघा ना, रात्रभर टपटप टपटप. झोप नाय. आणि गरम पाणी वेस्ट. सिंपल हाय, भोक बंद."

"ती व्हेंट आहे. फिटरने मुद्दाम ठेवलीय."

"पाच दिवसांचा तर सवाल हाय. जाताना काढून टाकू."

मी मनात हिशेब केला. गार पाण्याचा कॉक उघडा आहे, तोवर फुगलेलं पाणी मागे गार पाण्याच्या वरच्या टाकीत जाईल. धोका नाही. हिशेब बरोबर होता. पण आमच्या वाडीची एक रीत मला माहीत होती आणि ती मी हिशेबात घेतली नाही. मुंबईकर परत निघताना घरातला एकूणएक कॉक बंद करून जातात. माकडं पाइप मोडतात, मग झऱ्यावरून येणारं सगळ्या वाडीचं पाणी एका बंद घराच्या स्लॅबवर वाहून जातं. म्हणून तो नियमच आहे. न पाळणाऱ्याला दंड होतो. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी "जाताना आठवणीने काढा" एवढंही म्हटलं नाही. खाली पुरणपोळ्या वाढल्या होत्या. मी जेवायला उतरलो.

पाचव्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आंघोळ्या झाल्या. गरम पाणी निम्मं संपलं, त्या जागी गार येऊन टाकी काठोकाठ भरली. बारापर्यंत ते उन्हाने कढत झालं, तेव्हा भावाने सगळे कॉक बंद केले, किल्ली काकीकडे दिली, गाडी निघाली. कॅप तशीच राहिली. त्या दिवशी ऊन कडक होतं. साडेबाराच्या सुमारास काकी भावाच्या अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घालत होती. टाकीची शिवण उकलली आणि पाणी स्लॅबच्या कडेवरून खाली आलं. डावा हात आणि मान भाजली. गाडी तेव्हा फार लांब गेली नव्हती.

नालासोपाऱ्याहून भावाने पहिला फोन गावकीच्या मुख्यांना केला, दुसरा फिटरला. काकीला केला नाही. फिटरने हलक्या पत्र्याची टाकी माथी मारली, भरपाई त्याने द्यावी, हे त्याचं म्हणणं. त्यासाठी वीस एप्रिलची बैठक. फिटरच्या दृष्टीने प्रश्न पैशांपेक्षा मोठा होता. गावकीने दोषी धरलं की वाडी त्याला काम देत नाही, आणि एका वाडीची गोष्ट आठ दिवसांत पोलादपूरच्या स्टँडवर पोचते. बाकीच्या घरांत त्याला कोण उभं करणार? बैठकीआधी दोन दिवस त्याचा मला फोन आला होता. "दादा, तुम्ही या विषयातले. तुम्ही सांगा त्यांना. मी काय सांगितलं तर फिटर बोलतोय म्हणतील." मी हो म्हटलं.

मी काय तयारी केली ते सांगतो, कारण ती चांगली तयारी होती आणि मला अजून तिची शिसारी येते.

पाण्याच्या बाबतीत तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात: दाब, तापमान आणि आकारमान. एक बदललं की दुसरं किती बदलतं हे विचारताना आधी सांगावं लागतं की तिसरं धरून ठेवलंय. एवढं एक धरून ठेवून बाकीच्या दोघांचा दर काढायचा, याला आंशिक अवकलन म्हणतात; आम्ही वर्गात पार्शल म्हणायचो. दाब तोच ठेवून पाणी एक अंशाने तापवलं तर ते किती फुगतं? चाळीस अंशांच्या आसपास दहा लाखांत तीनशे पंच्याऐंशी भाग. तापमान तेच ठेवून दाब एक बारने वाढवला तर ते किती आक्रसतं? दहा लाखांत चव्वेचाळीस भाग. हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेत मोजता येतात, पुस्तकांत छापलेले असतात. आता तिसरा प्रश्न: फुगायला जागाच ठेवली नाही, आकारमान बांधून टाकलं, तर एका अंशाला दाब किती चढेल? हे थेट मोजणं अवघड, कारण तेवढं ताठ भांडं मिळत नाही. पण मोजायची गरज नाही. आकारमान-तापमान, तापमान-दाब, दाब-आकारमान असे हे दर चक्राकार मांडले की त्यांचा गुणाकार नेहमी उणे एक येतो. त्यामुळे पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तिसरा मिळतो. तीनशे पंच्याऐंशी भागिले चव्वेचाळीस. पावणेनऊ. एका अंशाला पावणेनऊ बार.

ते उणे महत्त्वाचं आहे. साध्या अपूर्णांकांसारखं वरचं खालचं कापत सुटलं तर अधिक एक येतो, आणि मग उत्तर असं निघतं की बंद टाकी तापवल्यावर दाब उतरतो. परीक्षेत निम्मा वर्ग हे करायचा.

त्या टाकीच्या कागदावर चाचणीचा दाब तीन बार लिहिला होता. पत्रा थोडा ताणला जातो म्हणून पावणेनऊचा तिसरा हिस्सा धरा, तरी दोन अंशांत खेळ संपला. ऊन त्या दिवशी पाणी वीस-पंचवीस अंशांनी चढवणार होतं. जाड पत्रा असता तर एखादा अंश जास्त टिकला असता.

नुसता आकडा कुणाला पटणार नाही म्हणून मी कारखान्याच्या भंगारातून रीतसर चिठ्ठी घेऊन एक दाबमापक आणला. हातभर लोखंडी पाइप, एका तोंडाला तो मापक, दुसऱ्याला बारीक व्हॉल्व्ह. आत हवेचा बुडबुडाही न ठेवता गार पाणी भरलं. बैठकीत काकीच्या सुनेने घमेल्यात कढत पाणी आणून ठेवलं.

"काय रे, आज चहा प्रेशरचा काय?" सतरंजीवरून एक जण.

"चहा नाय, पाइपाची आंघोळ हाय. शिमग्याला राहिलेली," दुसरा.

मुख्य म्हणाले, "गप रे. तो काय करतो ते बघू दे. महाडवरनं एवढा वझा घेऊन आलाय."

मी पाइप पाण्यात धरला. काटा थरथरला आणि चढू लागला. पाच, नऊ, चौदा. हसणं थांबलं. पुढचे दोघं मागे सरकले. वीस झाल्यावर मी व्हॉल्व्ह किंचित उघडला. पंधराएक थेंब पडले असतील. काटा शून्यावर.

"एवढंच?" मुख्यांनी वाकून फरशीवरचे थेंब पाहिले. "एवढ्या पाण्याला वाट नाय म्हणून?"

"एवढ्यालाच. टाकीत दीड-दोन लिटर असेल. पत्रा हलका नव्हता. वाट बंद होती."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं. मला खरोखर वाटलं की काम झालं.

मुख्य जुने शिक्षक आहेत, डोकं सरळ चालतं. ते म्हणाले, "मंजे दोन वाटा होत्या, दोन्ही बंद होत्या. एक तर कॉकाची."

"तो मीच बंद केला," भाऊ म्हणाला. "वाडीचा नियम हाय. तुम्हीपण करता."

"बरोबर. मग दुसरी? वरची नळी?"

जावई खांबाला टेकून मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "ती कॅप पहिल्यापासून होती. फिटिंगमधीच. आम्ही हातपण लावला नाय."

फिटर उभा राहिला. "देवासमोर सांगतो, मी कॅप लावली नाय. अकरा घरं हायत, जाऊन बघा, सगळ्या नळ्या उघड्या हायत. शिमग्याला हे दादा हितंच होते. स्लॅबवर गेले असतील तर त्यांनी बघितला असंल."

मंडपातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावानेही पाहिलं. त्याच्या मागे जावई. आता मोबाइल खाली होता. गेल्याच वर्षी लग्न झालेलं, पुतणीला सातवा महिना. आमच्या वाडीत जावयाला पाटावरून उठवत नाहीत, गावकीत उभं करणं तर कुणी पाहिलेलं नाही.

"काय रे, तू बघितलंस काय?" मुख्य म्हणाले.

मी म्हणालो, "मी दाबाचा हिशेब सांगितला. तो पक्का आहे. कॅप कुणी बसवली हे त्या हिशेबात येत नाही."

"मंजे बघितला नायस."

मी पाइप फडक्याने पुसत होतो. पुसत राहिलो.

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. मी येण्याआधी फिटरला सुटायला जागा होती. टाकी कारखान्याची, शिवण कच्ची निघाली, गॅरंटीत बदलून घ्या, असं तो म्हणू शकला असता आणि अर्ध्या मंडपाने ते ऐकलं असतं. मी माझ्या काट्याने ती जागा बुजवली. आता टाकी निर्दोष होती, पत्रा निर्दोष होता, कॉक नियमाप्रमाणे होता. राहिली ती कॅप, आणि कॅप फिटिंगवाल्याची. एवढा चोख पुरावा फिटरविरुद्ध दुसऱ्या कुणाला उभा करता आला नसता.

मुख्यांनी निम्म्यावर तोडलं. नऊ हजार सातशे. फिटरने खिशातून चार हजार काढून सतरंजीवर ठेवले, बाकी आठ दिवसांत देतो म्हणाला. मग त्याला देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायला सांगितलं. त्याने नारळ ठेवला. "चुकला असंल तर माफी," एवढंच बोलला. "असंल तर नको," कुणीतरी ओरडलं. मग त्याने "असंल तर" काढून पुन्हा म्हटलं.

नारळ फोडला, खोबरं वाटलं. माझ्या हातावरही तुकडा आला. प्रसाद नाकारता येत नाही. तो मी तोंडात टाकला आणि मंडपातून बाहेर पडून आंब्याच्या आड जाऊन थुंकला. मागे भजी आली होती. जावई दोन बशा घेऊन बसला. "काका, एक्सपेरिमेंट एकदम मस्त," तो म्हणाला. त्याच्या हनुवटीवर तेल होतं. ते तेल मला अजून दिसतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सुटला का तो?"

"नाही."

"तुमचा आकडा चुकला?"

"आकडा बरोबर आला."

तिने माझ्या हातातला पाइप घेऊन कोपऱ्यात ठेवला. ती शिमग्याला खाली पोळ्या वाढत होती, आणि जावई पाना घेऊन वर असतानाच मी स्लॅबवरून उतरलो हे तिने पाहिलं होतं.

आठवडाभर मी कॉलेजची वही काढून बसत होतो. कशासाठी, सांगता येत नाही. हिशेब तपासायचं काही उरलं नव्हतं. पार्शल लिहिताना अपूर्णांकाभोवती कंस घालतात आणि कंसाच्या पायाशी उजवीकडे एक बारीक अक्षर लिहितात: कोणती गोष्ट धरून ठेवलीय ते. आम्ही पोरं घाईत ते अक्षर गाळायचो. सर त्या उत्तराला शून्य द्यायचे. बाकी सगळं बरोबर असलं तरी शून्य. मी एकदा भांडलो होतो की सर, निदान अर्धे तरी. ते म्हणाले होते, "दाब धरून काढलेलं आणि आकारमान धरून काढलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालचं अक्षर लिहिलं नाहीस म्हणजे तू काहीच सांगितलं नाहीस, नुसतं सांगितल्यासारखं दाखवलंस." माझ्या वहीत त्या पानावर लाल शाईत शून्य आहे. त्यानंतर कधी आलं नाही.

मंडपात मी सगळं सांगितलं होतं. आकारमान बांधलं होतं हेही सांगितलं. कुणी बांधलं हे सोडून.

दहाव्या दिवशी बँकेतून नऊ हजार सातशे काढले आणि वरंधला गेलो. फिटर घरापुढे पाइपाला आटे पाडत होता. मी पाकीट पुढे केलं. त्याने हात पुसले, नोटा मोजल्या, पाकिटात परत घातल्या आणि पाकीट कमरेला खोचलं.

"घेतो," तो म्हणाला. "मी भरलेत, मंजे घेणारच. पण दादा, त्या दिवसापासनं तीन घरांनी फोन केला. आमची पण नळी बुजवलीस काय, विचारतात. एकाने दुसरा माणूस आणून तपासून घेतली. तुम्ही बघितला होता ना?"

"बघितलं होतं. माझ्यासमोर बसवली."

त्याला नवल वाटलं नाही. "मला तेव्हाच कळला. तुम्ही पाइप पुसत होता. मग आता गावकीत कधी सांगताय? पैशाने माझी अकरा घरं परत येत नायत."

त्याच्या बायकोने चहा आणला. तो मला घेववेना, पण घेतला.

मे महिन्याच्या बैठकीत उठून मी सांगितलं. तारीख, वेळ, जावई काय म्हणाला, मी काय म्हणालो, मी जेवायला गेलो तेही. जावई आला नव्हता.  मग भाऊ म्हणाला, "माझ्या पोरीचे दिवस भरत आलेत, आणि तू तिच्या नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलंस." खोटं आहे असं तो म्हणाला नाही.

"तेव्हा का नाय बोललास?" मुख्यांनी मला विचारलं.

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

एक जण मागून म्हणाला, "त्या काट्याने आम्हाला घाबरवलास, आणि सोता घाबरलास जावयाला." कुणी हसलं नाही. ते खरंच होतं.

मुख्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की फिटरचा दोष नाही, आणि तसं वहीत लिहून घेतलं. भावाने भरपाईचे पैसे परत करायला नकार दिला. नवी टाकी घेतली, पैसे खपले म्हणाला. गावकीने त्यावर जोर केला नाही. जावयाचं नाव वहीत कुठेही नाही. मी वाचून पाहिलं. "कॅप अन्य व्यक्तीने बसवली" असं लिहिलंय. ते पाहून मला वहीच्या पानाचाही वीट आला. पण वाडीतल्या चारही सोलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायला त्याच फिटरला बोलवायचं ठरलं, आणि पुढच्या रविवारी तो आला. मी लांबून पाहिलं. खडूने तारखा घालत होता.

मेच्या त्या बैठकीतून बाहेर येताना कट्ट्यावर काकी होती. फडकं निघालं होतं, कातडी गुलाबी, चकचकीत. दोन बैठका झाल्या, टाकीची किंमत ठरली, वाटणी झाली, दंड झाला. तिच्या हाताचा विषय एकदाही निघाला नाही. मीही काढला नव्हता. माझ्या घमेल्यातलं कढत पाणी तिच्याच चुलीवरचं होतं.

"काकी, औषधाला किती लागले?"

"कशाला रे?"

"सांग ना. सहाशे चाळीस ना? तुझी सून म्हणाली."

"तिला काय कळतंय. चाळीस गाडीभाडं धरलंन् तिने. मी पोलादपूरला चालत गेलेले. सहाशे."

तर शेवटी दिलं गेलं ते असं. फिटरने माझ्या भावाला नऊ हजार सातशे. मी फिटरला तेवढेच. उशिरा बोलल्याबद्दल मी गावकीला दंड पाचशे एक आणि नारळ. जावयाने कुणालाही काही नाही. आणि मी काकीला सहाशे, जास्त द्यायला गेलो तर तिने मोजून परत केले.